प्लास्टिकपासून तेल काढणारे छोटे युनिट चालवताना या चुका टाळा

वेफर्सची पाकिटे, मळकी पन्नी, ॲल्युमिनियमचा थर असलेली वेष्टने असा जो माल भंगारवाला घेत नाही, त्याच्यासाठी पायरोलिसिसचे सुटे भाग जोडून उभारता येणारे युनिट हा उपयोगी मार्ग आहे. हवा लागू न देता साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटून वाफ होते आणि ती थंड केली की तेल मिळते. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत गेल या सरकारी गॅस कंपनीच्या सहकार्याने २०१९ मध्ये दिवसाला एक टन क्षमतेचा असा प्रकल्प सुरू झाला. पुण्याच्या रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशननेही जेजुरीत हे काम केले आहे. तरीही एखादे युनिट रखडले की दोष यंत्रात शोधला जातो. माझ्या मते तो आधी आत जाणाऱ्या मालात शोधावा.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पीव्हीसी (पाइप बनवतात ते प्लास्टिक) आत जाऊ देणे. त्याच्या वजनातील सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीनचा असतो, आणि अडीचशे-तीनशे अंशांच्या सुमारास, म्हणजे तेलाची वाफ नीट सुरू होण्याआधीच, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटू लागतो. हा वायू कंडेन्सरमधील (वाफ थंड करणाऱ्या भागातील) ओलाव्यात विरघळून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. तेलाखाली साचणारे पाणी तांबूस दिसू लागले, निळा लिटमस लाल झाला किंवा नळ्यांना बारीक छिद्रे पडली, तर कारण बहुधा हेच असते. नळ्या स्टेनलेस स्टीलच्या करून प्रश्न मिटत नाही, कारण क्लोराइडमुळे त्या स्टीललाही खड्डे आणि तडे पडतात. माल वितळतानाच हा वायू वेगळा काढून चुन्याच्या किंवा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून सोडण्याची सोय असावी, पण त्याहून स्वस्त उपाय म्हणजे वर्गीकरणाच्या टेबलावर जाणकार माणूस नेमणे. शंका आलेल्या तुकड्यासाठी तांब्याची तार निळ्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवावी, ती प्लास्टिकला टेकवून त्याचा कण उचलावा आणि तार पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे असे समजून तो गठ्ठा बाजूला काढावा. ही चाचणी मोकळ्या हवेत, धूर नाकात जाणार नाही अशा बेताने करावी.

पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) हेही असाच त्रास देते. त्यापासून तेल कमी आणि बेंझोइक व टेरेफ्थॅलिक आम्ल अधिक मिळते, आणि ते वाफेच्या पाइपमध्ये पांढरट-पिवळ्या भुकटीच्या रूपाने साचून वाट बुजवते. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात, तर पीईटी, पीव्हीसी आणि नायलॉन बुडतात, म्हणून पाण्याची टाकी हे चांगले गाळण आहे. मात्र बहुस्तरीय पाकिटात हे थर एकमेकांना चिकटलेले असल्याने तिथे टाकीवर विसंबू नये. अशा पाकिटांचे प्रमाण मर्यादित ठेवून त्यांत स्वच्छ पन्नी मिसळावी.

तेलाची धार बारीक होत जाते आणि रिॲक्टरचा (माल तापवण्याच्या बंद भांड्याचा) दाब हळूहळू चढतो, तेव्हा माल शिजत नाही असे वाटून आच वाढवण्याचा मोह होतो. तो धोक्याचा आहे. पॉलिएथिलीनच्या जड वाफेतून मेण तयार होते, आणि कंडेन्सरमध्ये एकदम थंड पाणी फिरत असेल तर ते नळ्यांच्या आत थिजून बसते. वाट बंद असताना आच वाढवली तर दाब आणखी चढतो. आच कमी करावी, दाब सुरक्षा-मार्गाने उतरू द्यावा आणि युनिट पूर्ण थंड झाल्यावरच नळ्या मोकळ्या कराव्यात. कायमचा उपाय म्हणजे थंड करण्याचे दोन टप्पे: पहिला मेण वितळलेलेच राहील इतका गरम ठेवून जड भाग पुन्हा रिॲक्टरमध्ये परतवावा आणि हलकी वाफ दुसऱ्या, थंड टप्प्यात उतरवावी.

ओला आणि फुललेला माल तसाच भरू नये. पाणी उकळण्यात इंधन वाया जाते आणि पन्नीच्या पोकळीतून हवा आत शिरते. माल सुकवून, दाबून घ्यावा आणि भट्टी पेटवण्यापूर्वी नायट्रोजन फिरवून आतली हवा पूर्ण काढावी, कारण इंधनाची वाफ आणि ऑक्सिजन एकत्र येणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण. शेवटी उरणारा काळा, कोळशासारखा अवशेष गरम असताना झाकण उघडले तर तो हवा लागताच पेट घेऊ शकतो. त्यात रंगांमधील जड धातू असू शकतात, म्हणून तपासणीशिवाय तो शेतात टाकू नये.

मिळालेले तेल डिझेल समजून ट्रॅक्टरमध्ये किंवा पंपात ओतू नये. त्यात पेट्रोलसारखे चटकन पेटणारे भागही असतात आणि त्यातील असंतृप्त घटक साठवणुकीत डिंकासारखा गाळ धरतात. उत्पादनाचा हिशोबही लिटरवर नव्हे, वजनावर करावा. या तेलाची घनता ०.८ च्या आसपास असल्याने ७०० किलो तेल जवळजवळ ९०० लिटर भरते, आणि विक्रेत्याने सांगितलेला आकडा त्यामुळे मोठा वाटतो. शिवाय भरलेल्या एक टनात दीडशे किलो पाणी आणि माती असेल, तर प्रत्यक्षात साडेआठशे किलोच प्लास्टिक आत गेलेले असते.

प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणाऱ्या २०२२ च्या नियमांत कचऱ्यापासून तेल करणे हे पुनर्चक्रीकरणात नव्हे, तर अंतिम विल्हेवाटीत मोजले जाते. म्हणून ज्यापासून पुन्हा वापरता येणारे प्लास्टिकचे चांगले दाणे बनतात त्या दुधाच्या पिशव्या केवळ युनिट भरावे म्हणून त्यात घालू नयेत. त्या दाणे करणाऱ्या कारखान्याकडेच पाठवाव्यात.