मॅस्टोडॉनच्या कोडला हात लावलात? मग सोर्सची लिंकही बदला

मॅस्टोडॉन हे आपापल्या सर्व्हरवर चालवता येणारं सोशल नेटवर्कचं सॉफ्टवेअर. त्यात एका पोस्टला ५०० अक्षरांची मर्यादा आहे. आमच्या सर्व्हरवरची मंडळी ऐसपैस लिहिणारी, म्हणून मी ती २,००० केली. बदल अगदी किरकोळ, पण त्याबरोबर एजीपीएलचं, म्हणजे मॅस्टोडॉनच्या लायसन्सचं, कलम १३ मला लागू झालं.

साध्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये सॉफ्टवेअरची प्रत दुसऱ्याच्या हातात दिली तरच सोर्स, म्हणजे मूळ कोड, द्यावा लागतो. सर्व्हर चालवणारा प्रत देतच नाही, त्यामुळे तो सुटतो. ही पळवाट बुजवायला एजीपीएल आहे. तिची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर २००७ची. कोड बदलून लोकांना नेटवर्कवरून वापरायला दिलात, तर त्यांना तुमच्या आवृत्तीचा पूर्ण सोर्स फुकट मिळाला पाहिजे आणि तो कुठे मिळतो हे ठळक दिसलं पाहिजे. काहीच न बदलता चालवत असाल तर हे कलम तुम्हाला लागत नाही. अ‍ॅडमिन पॅनलमधून सर्व्हरचं नाव नि नियम बदलणं हे माझ्या मते निव्वळ सेटिंग.

मूळ रिपॉझिटरी (कोडचा साठा) फोर्क करा, म्हणजे तिची स्वतःची प्रत काढा, आणि आपले बदल वेगळ्या ब्रँचवर (शाखेवर) कमिट करा, म्हणजे नोंदवा. लॉगिन मागणारी रिपॉझिटरी कामाची नाही, सार्वजनिकच ठेवा. लायसन्सची फाइल आणि कॉपीराइटच्या ओळींना हात लावू नका. काय बदललं आणि कधी, ते रीडमी फाइलीत (प्रकल्पाच्या माहितीपत्रकात) वरच लिहा. मग सर्व्हरच्या सेटिंगच्या एन्व्हायर्नमेंट फाइलीत आपल्या रिपॉझिटरीचा पत्ता आणि टॅग (त्या आवृत्तीला दिलेलं नाव) भरा. पानावरची सोर्स कोडची लिंक तिथूनच बनते. हे राहिलं तर तुमचा कोड उघडा असूनही लिंक मूळ प्रकल्पाकडेच जाते.

खरी गोची पुढे आहे. लिंकवरचा कोड आणि चालू असलेला कोड एकच हवा. रात्री सर्व्हर अडतो, माणूस एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत शिरतो, एक फाइल जागच्या जागी दुरुस्त करतो आणि झोपतो. झाली तफावत! म्हणून आमच्याकडे सर्व्हरवर हाताने एडिट बंद. आधी टॅग रिपॉझिटरीत पुश, मग त्याच टॅगवरून डिप्लॉय, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवणं. अधूनमधून सर्व्हरवर ‘गिट स्टेटस’ ही कमांड मारून काय बदललंय ते पाहायचं. एकही बदललेली फाइल दिसता कामा नये. बिल्डच्या स्क्रिप्ट बदलल्या असतील तर त्याही सोर्समध्येच येतात.

पासवर्ड, सीक्रेट की, डेटाबेस, लोकांच्या पोस्ट यांतलं काहीही द्यायचं नसतं. पण फोर्क उघडा करण्याआधी जुने कमिट चाळा. एखादी की तिथे सापडली तर फाइल उडवून भागत नाही, ती कीच बदला. बदल मूळ प्रकल्पाला पाठवायची सक्तीही नाही.

ऑक्टोबर २०२१मध्ये ट्रम्प यांच्या कंपनीचं ‘ट्रुथ सोशल’ मॅस्टोडॉनच्या कोडवर उभं असल्याचं दिसलं, सोर्सचा मात्र पत्ता नव्हता. मॅस्टोडॉनने रीतसर पत्र धाडलं; नोव्हेंबरमध्ये ट्रुथ सोशलच्या साइटवर कोडची झिप फाइल आली. लायसन्स मोडलं की कोड वापरायचा हक्क जातो; पण तशी नोटीस त्या कॉपीराइटधारकाकडून पहिल्यांदाच आली असेल आणि ३० दिवसांत चूक सुधारलीत, तर गेलेला हक्क कायमचा परत मिळतो. झिपनेही काम भागतं, पण दर डिप्लॉयला नवी झिप चढवायचं लक्षात कोण ठेवणार?