पर्वतांचं चित्र कसं पाहावं

उंच पर्वतांच्या चित्रासमोर उभं राहिलं की आपण लगेच अर्थ लावायला लागतो: शिखर म्हणजे ईश्वर, दरी म्हणजे मृत्यू. ही घाई नको. आधी चित्रकारानं आपल्याला कुठं उभं केलंय ते बघा.

१. पायाखाली काय आहे? चित्राच्या खालच्या कडेला वाट आहे, कातळ आहे, की थेट दरीच? जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिशच्या ‘धुक्याच्या सागरावरचा भटका’ (सुमारे १८१८) या चित्रात पाठमोरा माणूस काळ्या कातळावर उभा आहे. दोन्हीकडच्या डोंगरांच्या उतरत्या रेषा त्याच्या छातीपाशी येतात. चेहरा मात्र दिसत नाही. त्याला जिंकल्यासारखं वाटतंय की धडकी भरलीय, हे आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि चित्राचा सगळा ताण तिथंच आहे.

२. माणूस केवढा आहे? चिनी चित्रकार गुओ शी यांच्या ‘आरंभीचा वसंत’मध्ये (१०७२) माणसं तळाशी, इतकी बारीक की शोधावी लागतात. तरी ती चिरडलेली वाटत नाहीत, आपापल्या कामात आहेत. दरबारात राजा असावा तसा लहान डोंगरांमध्ये मोठा पर्वत, असं गुओ शी मानत. म्हणून इथलं लहानपण मला दिलासा देणारं वाटतं. माणूस लहान म्हणजे निसर्ग क्रूर, हे समीकरण सगळीकडे चालत नाही.

३. उजेड कुठून येतो? दरी अंधारात आणि शिखर उजळलेलं असेल, तर वेळ पहाटेची की मावळतीची, यावर आशा की निरोप ते ठरतं. दूरचे डोंगर सहसा फिकट, निळसर होत जातात. लांबचं शिखर जवळच्याइतकंच ठसठशीत दिसलं, तर ते मुद्दाम केलेलं असण्याची शक्यता मोठी.

४. आता एक डोळा मिटा आणि तळहात पुढे धरून चित्राचा एकेक भाग झाकून बघा. आल्प्समधल्या एका शिखराचं फ्रीडरिशचं चित्र ‘वाट्झमान’ (१८२४–२५) यासाठी उत्तम. फ्रीडरिश स्वतः आल्प्समध्ये कधी गेलाच नव्हता. शिखर त्यानं आपल्या शिष्याच्या जलरंगातल्या अभ्यासचित्रावरून घेतलं, आणि पुढचे खडक जर्मनीतल्याच हार्ट्झ पर्वतातले आणून बसवले. ते खडक झाका: उरतो एक देखणा बर्फाळ डोंगर. हात काढा: मध्ये ओबडधोबड दगडांची रांग, माणूस नाही, वाट नाही, आणि तेच शिखर एकदम अप्राप्य होतं.