खिडकीच्या उजेडातील व्यक्तिचित्र
कॅमेऱ्याने टिपलेल्या व्यक्तिचित्रात गंभीर भाव हवा असेल, तर खोलीतील दिवे बंद करून एकाच खिडकीचा उजेड ठेवावा आणि व्यक्तीला अशा रीतीने बसवावे, की तो उजेड सुमारे ४५ अंशांच्या कोनातून, चेहऱ्यापेक्षा थोड्या उंचीवरून येईल व सावलीतल्या गालावर प्रकाशाचा लहानसा त्रिकोण उमटेल. डच चित्रकार रेम्ब्रांट यांच्या नावाने ही प्रकाशयोजना ओळखली जाते. काळोखी दृश्य कॅमेरा आपणहून उजळवतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याची कॅमेऱ्यातील सोय) -१ च्या आसपास ठेवावे. सावली फारच गडद वाटल्यास त्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरावा, मात्र तो हळूहळू जवळ आणावा, कारण सावली पुसली गेली की चेहरा सपाट दिसतो. माझ्या मते थोडी जास्त सावली केव्हाही चांगली. सौम्य भावासाठी खिडकीला पातळ पांढरा पडदा पुरतो.