मुलाचा ताबा जोडीदाराकडे असताना शाळेशी व्यवहार कसा करावा

पती-पत्नी वेगळे राहू लागले, एवढ्यावरून कोणाचेही पालकत्व संपत नाही. शाळेने मात्र तोंडी सांगण्यावर नव्हे, कागदावर चालावे. कोणाचे खरे हे ठरवणे मुख्याध्यापकांचे काम नाही. जो फी भरतो त्याचेच ऐकायचे, ही काही शाळांची रीत तर सरळ चुकीची आहे.

म्हणून आधी न्यायालयाचा आदेश नीट वाचावा. ताबा कोणाकडे, भेट कधी व कुठे, हे बहुधा त्यात असते, पण शाळेचा उल्लेख राहून जातो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ नुसार दावा चालू असताना आणि निकालानंतरही मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी न्यायालय आदेश देऊ शकते, ते बदलूही शकते. त्यामुळे तडजोडीच्या अटी लिहितानाच ‘प्रगतिपुस्तक व पालकसभेची सूचना दोन्ही पालकांना मिळेल’ असे एक वाक्य वकिलांकडून घालून घ्यावे. पुढची निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

त्यानंतर आदेशाची प्रमाणित नक्कल जोडून मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्यावी. अर्जात नेमके मागावे: गुणपत्रकाची प्रत, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात आपला क्रमांक, आजारपणात कळवण्यासाठी दुसरा संपर्क. जोडीदाराविषयी तक्रारीचा एक शब्दही लिहू नये. तो अर्ज उद्या न्यायालयात वाचला जाऊ शकतो.

माहिती मिळणे आणि मूल घरी नेता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भेटीचा वार शुक्रवार असला, तरी मूल शाळेच्या फाटकावरून घ्यायचे की दुसरीकडून, हे आदेशात नसेल तर थेट फाटकावर जाऊन उभे राहू नये. ज्याच्याकडे ताबा आहे त्याने मूल नेण्याची परवानगी असलेल्यांची नावे व छायाचित्रे शाळेला लेखी द्यावीत, आणि आदेश बदलला की तीही बदलावीत.

शाळा सोडल्याचा दाखला हा सर्वांत नाजूक विषय. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ५ प्रमाणे आठवीपर्यंतचे मूल सरकारी वा अनुदानित शाळेत जाणार असेल, तर दाखला तत्काळ द्यावा लागतो. मूल परगावी हलवले जाईल अशी भीती असलेल्या पालकाने म्हणूनच लिपिकाला गळ घालण्यापेक्षा न्यायालयातून मनाईचा आदेश आणावा.

पालकसभेला दोघांनी शेजारी बसणे जमत नसेल, तर वर्गशिक्षकांकडे वेगळी वेळ मागावी. बहुतेक जण ती देतात.