बडोद्याहून सिंगापूर, चौघांचं बजेट: खरा आकडा कसा काढायचा

एक दिवाळी संपली की आपल्याकडे लगेच पुढच्या दिवाळीच्या ट्रिपची चर्चा सुरू होते, आणि त्यात सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "पॅकेज कितीला पडतं?" मला वाटतं सुरुवात इथेच चुकते, कारण पॅकेजचा आकडा हा ट्रिपचा आकडा नसतोच. ट्रिपचा खर्च कारेलीबागेत किंवा मांजलपुरात घराला कुलूप लावता तिथे सुरू होतो आणि परत येऊन ते कुलूप उघडेपर्यंत चालू असतो, आणि खरं म्हणजे त्यानंतर क्रेडिट कार्डचं बिल येतं तेव्हाच थांबतो. म्हणून बजेट करायचं तर दारापासून दारापर्यंतचं करायचं. सिंगापूर उदाहरणाला घेते कारण अहमदाबादहून थेट विमान आहे, आईबाबांना किंवा लहान मुलांना घेऊन जायला सोपं आहे आणि तिथले बरेचसे दर ठरलेले असतात त्यामुळे हिशेब नीट मांडता येतो. तुमचं ठिकाण दुसरं असलं तरी पद्धत हीच.

सगळ्यात आधी, इंटरनेट उघडायच्याही आधी, घरात बसून ठरवा की एफडी न मोडता आणि कर्ज न काढता तुम्ही किती घालू शकता. हा आकडा पहिला, ठिकाण नंतर. समजा चार लाख म्हणालात आणि ट्रिपला सोळा महिने आहेत तर महिन्याला पंचवीस हजार बाजूला पडले पाहिजेत, आणि ते जूनमध्ये शाळेच्या फीच्या महिन्यातसुद्धा पडतात का ते प्रामाणिकपणे बघा. पडत नसतील तर ट्रिप सहा महिने पुढे ढकला नाहीतर ठिकाण जवळचं घ्या. बँकेत वेगळं आरडी काढलं तर फार बरं, पगाराच्या खात्यातल्या पैशांवर "हे ट्रिपचे" असं काही लिहिलेलं नसतं, ते संपतातच.

आता तारखा. गुजरातमध्ये दिवाळीला शाळांना एकवीस दिवस सुट्टी आणि दुकानं-ऑफिसं थेट लाभपाचमपर्यंत थंड, त्यामुळे अख्खं राज्य त्याच आठवड्यात विमानात बसतं आणि भाडी कुठल्या कुठे जातात. नोकरीत रजेची सोय असेल तर लाभपाचम होऊन जाऊ द्या आणि सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात निघा, तेव्हा बाकीचे परतत असतात. मुलं लहान असतील, म्हणजे बालवाडी वगैरे, तर फेब्रुवारीत जा, काही बुडत नाही. एवढ्या एका निर्णयात चौघांच्या तिकिटांवर जेवढे वाचू शकतात तेवढे तिथे गेल्यावर वडापावसारखं खाऊन पण वाचणार नाहीत. तिकीट बघताना बॅगेचं वजन त्यात धरलंय का ते बघायचंच. स्वस्त एअरलाइनच्या भाड्यात बरेचदा फक्त सात किलोची केबिन बॅग असते, चेक-इन बॅग, सीट, जेवण सगळं वेगळं. दोन्ही बाजूंचं सामान मिळवून मगच तुलना करा, कधी कधी महाग दिसणारं तिकीटच स्वस्त पडतं.

मग कागदपत्रं. पासपोर्ट सहा महिन्यांहून जास्त चालणारा हवा, आणि मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो हे लक्षात ठेवा, तो नेमका ट्रिपच्या तोंडावर संपतो. मोठ्यांची फी १५०० रुपये, तत्काळ केला तर वर २०००, म्हणजे आधी बघितलं तर दोन हजार वाचले. सिंगापूरच्या व्हिसाची फी माणशी ३० सिंगापूर डॉलर, ती परत मिळत नाही, आणि आपल्याला एजंटमार्फतच करावा लागतो म्हणून त्याचे पैसे वर धरा. निघायच्या आधी तीन दिवसांत एक अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते सरकारी साइटवर फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साइट असतात तिकडे जाऊ नका. इन्शुरन्स घ्याच, आणि आईबाबा सोबत असतील तर बीपी, शुगर जे काही असेल ते फॉर्मवर स्पष्ट लिहा, प्रीमियम वाढला तरी चालेल. लपवून घेतलेली पॉलिसी गरजेच्या वेळी उपयोगाची नसते, आणि परदेशातलं एका रात्रीचं हॉस्पिटल सगळं बजेट गिळून टाकू शकतं.

पॅकेज घेणार असाल तर जाहिरातीत बारीक अक्षरात "टॅक्स वेगळे" लिहिलेलं असतं, तिथे थांबा. टूर पॅकेजवर ५ टक्के जीएसटी लागतो, आणि त्याशिवाय टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ कापून घेतलेला इन्कम टॅक्स. एप्रिल २०२५ पासून टीसीएस दहा लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के होता, पण हा दर बजेटमध्ये बदलत असतो, तेव्हा पैसे भरायच्या दिवशीचा दर विचारून घ्या. त्या दराने धरलं तर चार लाखांच्या पॅकेजवर ५-५ टक्के म्हणजे जीएसटीचे वीस हजार आणि टीसीएसचे साधारण तेवढेच, एकूण चाळीस. यातला टीसीएस बुडत नाही, तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो आणि रिटर्न भरताना टॅक्समध्ये वळता होतो किंवा रिफंड मिळतो, पण आज खिशातून जातोच आणि परत यायला कित्येक महिने लागतात, म्हणून बजेटमध्ये तो पूर्ण धरायचा आणि परत आलेले पैसे पुढच्या ट्रिपच्या खात्यात टाकायचे. तिकीट, हॉटेल सगळं वेगवेगळं स्वतः बुक केलं तर हा पॅकेजवरचा टीसीएस येत नाही.

आता खरा विषय, रोजचा खर्च. इथेच बहुतेकांचा अंदाज कोसळतो, कारण आपण दुसऱ्याचा आकडा उचलतो. "रोज पन्नास डॉलरमध्ये होतं" असं सांगणारा माणूस एकटा बॅग पाठीला लावून फिरणारा असतो, त्याच्याबरोबर दोन मुलं आणि गुडघे दुखणारी सासू नसते. तुम्ही रविवारी घरचे चौघं बाहेर पडता तेव्हा काय करता ते आठवा. शेवउसळ खाऊन घरी येता की त्यानंतर आइस्क्रीम, मग मुलांना काहीतरी खेळणं, मग येताना रिक्षा? जो स्वभाव बडोद्यात आहे तोच सिंगापुरात असणार, उलट सुट्टीत हात जास्तच सैल सुटतो. त्या स्वभावाला धरून आकडा काढा.

जेवणाचं नीट सांगते कारण फरक फार मोठा आहे. सिंगापुरात हॉकर सेंटर म्हणून सरकारी खाऊगल्ल्या असतात, स्वच्छ, छप्पर असलेल्या, तिथे माणशी पाच ते आठ डॉलरमध्ये पोट भरतं, लिटल इंडियातलं टेक्का सेंटर आपल्याला सोयीचं. शाकाहारी असाल तर सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे, डोसा-भात-सांबार आणि मुलं खूश. पण एसी रेस्टॉरंटमध्ये बसलात की मेनूकार्डवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं असतात, ती बघा. एक म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि दुसरं त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. म्हणजे २० डॉलरची डिश आधी २२ होते आणि मग २३.९८. चौघांचे ८० म्हणून बसलात तर बिल जवळजवळ ९६ येतं, हजार-अकराशे रुपयांचा फरक एका जेवणात, आणि काही ठिकाणी टेबलावर ठेवलेला ओला रुमाल आणि शेंगदाणे पण बिलात येतात, नको असतील तर बसल्याबसल्या सांगायचं. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, चार बाटल्या घरून न्या, रोजचे पाण्याचे पैसे पूर्ण वाचतात. थेपले, खाखरे, लीलो चिवडा बॅगेत असू द्या, पण प्रत्येक जेवण त्यावर काढायचा प्लॅन करू नका, तिसऱ्या दिवशी सगळे चिडचिडे होतात आणि मग मॉलमध्ये दुप्पट खर्च होतो.

आता चौघांचा, पाच रात्रींचा हिशेब मांडून दाखवते. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या तारखांचे टाका. सिंगापूर डॉलर ७० रुपये धरते कारण गुणाकार सोपा होतो, तुम्ही मात्र त्या दिवशीच्या रेटपेक्षा दोन-तीन रुपये जास्तच धरा. तिकिटं माणशी तीस हजार म्हणजे १,२०,०००. बडोदा ते अहमदाबाद विमानतळ मोठी गाडी जाऊन-येऊन टोलसकट ७,०००, हा खर्च लोक धरतच नाहीत आणि रात्रीचं विमान असलं की गाडी लागतेच. व्हिसा एजंटसकट १२,०००, इन्शुरन्स ४,०००. हॉटेल चौघांची एक फॅमिली रूम २२० डॉलर, पाच रात्री, ७७,०००. खाणं रोज १४० डॉलर आणि मेट्रो-बस २०, असे १६० गुणिले सहा दिवस, ६७,२००. तिकिटांना, म्हणजे युनिव्हर्सल स्टुडिओचे चौघांचे तीनशेच्या वर आणि नाइट सफारीचे दोनशेच्या वर, मिळून ६०० डॉलर धरले, ४२,०००. तिथल्या विमानतळाची टॅक्सी दोन वेळा ४,२००, सिमकार्ड ३,०००, खरेदी ३०,०००. बेरीज ३,६६,४००. त्यावर दहा टक्के राखीव, की झाले चार लाख तीन हजार. राखीव रक्कम आकड्यात धरायचीच, ती शॉपिंगसाठी नाही, पाय मुरगळला, मेट्रोऐवजी टॅक्सी करावी लागली, पावसात छत्र्या घ्याव्या लागल्या यासाठी.

आकडा जास्त वाटला तर कुठे कापायचं? माझं मत ठाम आहे, दिवस कापा, नाहीतर एक तिकिटाचं ठिकाण कापा, पण रोजच्या जेवणाचा आणि फिरण्याचा आकडा कापू नका. एक रात्र कमी केली की हॉटेल आणि रोजचा खर्च मिळून सव्वीस हजार सरळ कमी होतात आणि उरलेले दिवस माणसं आनंदात असतात. रोजचा खर्च कापला की सहाही दिवस हिशेब करत, मुलांना नाही म्हणत जातात. सिंगापुरात फुकट बघण्यासारखं भरपूर आहे, गार्डन्स बाय द बेचा बाहेरचा भाग आणि रात्रीचा सुपरट्रीचा लाइट शो, सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला मर्लायनचा पुतळा, युनेस्कोच्या यादीतली बोटॅनिक गार्डन, विमानतळावरच्या ज्वेल मॉलमधला धबधबा. सेंटोसा बेटावर बोर्डवॉकवरून चालत गेलं तर तिकीट नाही. एक पैशाचं ठिकाण आणि एक फुकटचं असा दिवस लावा. आणि मुलांना आधीच विचारा की तुम्हाला एकच गोष्ट निवडायची तर कुठली, ती काहीही झालं तरी कापायची नाही.

पैसे न्यायचे कसे, यातही तीन-चार हजार सहज जातात. साध्या क्रेडिट कार्डवर परदेशात बरेचदा साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलायचे बँकेचे जादा पैसे, आणि त्यावर जीएसटी, म्हणजे लाखामागे ४,१३० रुपये. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परदेशी चलन भरून ठेवायचं कार्ड, घेतलं तर त्यात सिंगापूर डॉलरच भरा, अमेरिकन डॉलर भरून सिंगापुरात वापरलं की परत बदलायचे पैसे कापतात. मशीनवर "रुपयात की डॉलरमध्ये" विचारलं तर नेहमी तिथलं चलन निवडा, रुपयात दाखवतात तो रेट त्यांच्या फायद्याचा असतो. थोडी रोकड बडोद्यातूनच दोन-तीन मनीचेंजरकडे रेट विचारून घ्या, विमानतळावर रेट सगळ्यात वाईट मिळतो. आणि एक क्रेडिट कार्ड सोबत ठेवा फक्त हॉटेलच्या डिपॉझिटसाठी, फॉरेक्स कार्डावर डिपॉझिट ब्लॉक झालं तर ते सुटायला वेळ लागतो आणि तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. मेट्रोत आपलं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं पण परदेशी कार्डाला दिवसाला ०.६० डॉलर जास्त लागतात, चौघांचं मिळून ते धरा किंवा तिथलं कार्ड घ्या.

रोज रात्री हॉटेलवर पाच मिनिटं बसून त्या दिवसाचा आकडा फोनमध्ये लिहा, घरातल्या एकाच माणसाकडे हे काम द्या. दुसऱ्या दिवशीच कळतं की आपण १६०च्या वर चाललोय की खाली, आणि अजून सुधारायला वेळ असतो. सहाव्या दिवशी कळून उपयोग नाही.

घरी मागे काय चालू राहतं तेही त्याच कागदावर हवं, ईएमआय, कामवाल्या बाईंचा पगार आणि दिवाळीचा बोनस, सोसायटीचा मेंटेनन्स. त्याच महिन्यात दिवाळीचे कपडे, फराळ, भाऊबीज पण असते, ती ट्रिपच्या पैशातून करायची नाही. परत आल्यावर कार्डाचं बिल कुठल्या तारखेला येतं ते निघायच्या आधीच बघा आणि तेवढे पैसे खात्यात तसेच ठेवून जा. उरलेली परदेशी रोकड २,००० अमेरिकन डॉलरपर्यंत जवळ ठेवता येते, त्यावरची १८० दिवसांत बँकेत किंवा मनीचेंजरकडे परत करायची असते. लवकर परत बाहेर जाणार नसाल तर फॉरेक्स कार्डातली शिल्लक पण त्याच आठवड्यात काढून घ्या, बरीच कार्डं पडून राहिली की वापर नसल्याची फी कापतात.