पुण्यातल्या ऑर्केस्ट्रांच्या दिवसांची नोंद कशी करावी

१९७० ते १९९५ या काळात पुण्यात तरुण असलेली माणसे एकत्र जमली, की गणपतीपुढचे ऑर्केस्ट्रा, फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमी आणि सवाई गंधर्व महोत्सवातल्या जागून काढलेल्या रात्री यांचे विषय हटकून निघतात. त्यांतले फारच थोडे कागदावर उतरते. ज्यांना ते उतरवायचे आहे, आणि तेही पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल अशा रीतीने, त्यांच्यासाठी कामाची एक पद्धत येथे मांडली आहे. उदाहरणे पुण्याची असली तरी कोल्हापूर, नागपूर किंवा नाशिकच्या मंडळींना ती आपापल्या गावाला सहज लावून पाहता येतील.

प्रथम विषयाला कुंपण घालावे. ‘पुण्याचे संगीत’ हा विषय एका माणसाच्या आवाक्यातला नाही, आणि त्याचा मोठा भाग आधीच नोंदला गेला आहे. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय, भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून चालवलेला महोत्सव, यांच्याविषयी स्मरणिका, लेख आणि ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. याउलट मंडळाच्या मांडवात, सोसायटीच्या कोजागिरीला आणि पिंपरी-चिंचवडच्या कामगार वसाहतींत चित्रपटगीते वाजवणाऱ्या हौशी आणि अर्धव्यावसायिक वाद्यवृंदांबद्दल लिहिलेले जवळजवळ काहीच सापडत नाही. तेव्हा मोठ्या कलावंताची आणखी एक आठवण लिहिण्याऐवजी आपल्या पेठेतला एखादा वाद्यवृंद, एखाद्या महाविद्यालयाचा पाचसहा वर्षांचा गट किंवा एकच सभागृह निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषय ठरला की लगेच लिहायला बसू नये. आधी वस्तू गोळा कराव्यात. कार्यक्रमाची हस्तपत्रके, गणेश मंडळांचे वार्षिक अहवाल, वर्गणीची पावतीपुस्तके, तिकिटांचे अर्धुके, गटाचे एकत्र काढलेले छायाचित्र, कॅसेटच्या डबीतली पेन्सिलने भरलेली पट्टी, असे सर्व काही चालते. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, कारण मागच्या कोऱ्या बाजूवर कोणीतरी हिशेब किंवा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असण्याची शक्यता दाट असते. जुना कागद प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करून घेण्याचा मोह टाळावा. उष्णतेने चिकटवलेले ते आवरण पुन्हा काढता येत नाही आणि कागद आतल्या आत खराब होत राहतो. हस्तपत्रक वाचताना वरच्या मोठ्या अक्षरांतल्या ‘पुण्याची लता’ किंवा ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ अशा बिरुदांवर नजर न थांबवता तळाच्या बारीक टाइपातल्या ओळी वाचाव्यात. साथसंगत, निवेदन, ध्वनिव्यवस्था आणि मुद्रणालय यांची नावे तेथे असतात, आणि आपले पुढचे सगळे काम त्या नावांवरच उभे राहणार असते.

या सर्व वस्तूंत सर्वांत मोलाची म्हणजे गाण्यांची वही. जवळपास प्रत्येक गायकाकडे आणि वाद्यवृंद चालवणाऱ्याकडे अशी लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही असे. डाव्या बाजूला गाण्याचे शब्द, वरच्या कोपऱ्यात ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी पाच’ अशी गाण्याची पट्टी (म्हणजे हार्मोनियमवरचा आधारस्वर), दोन कडव्यांच्या मधल्या संगीताची स्वरलिपी, आणि समासात ‘इथे ढोलक बंद’, ‘दुसऱ्या कडव्यानंतर थेट मुखडा’ अशा सूचना असतात. काही पानांवर आधीची पट्टी खोडून दुसरी लिहिलेली दिसते, म्हणजे गायक बदलला असावा किंवा त्याच गायकाचा आवाज वयाने खाली उतरला असावा. यातले खरे कोणते, ते वहीच्या मालकालाच विचारावे. वहीचे प्रत्येक पान क्रमाने टिपून घ्यावे, कारण गाण्यांचा क्रम हा स्वतःच पुरावा असतो. गाजलेले गाणे वाद्यवृंदात लवकरच येत असे, त्यामुळे एखाद्या पानावर जे चित्रपटगीत आहे, त्याची ध्वनिमुद्रिका बाहेर पडण्यापूर्वी ते पान लिहिले गेले नसणार, एवढे निश्चित म्हणता येते. कार्यक्रमाच्या यादीतले सर्वांत नवे गाणे शोधावे, त्याचे साल पाहावे, म्हणजे तो कार्यक्रम त्या सालातला किंवा त्यानंतरचा ठरतो.

साल ठरवण्याचे काम याहून पुढे नेता येते, आणि आठवणींच्या लेखनात नेमकी येथेच सर्वाधिक हयगय होते. ‘साधारण सत्तरच्या दशकात’ असे कोणी म्हणाले की शहराला माहीत असलेल्या एखाद्या घटनेची खुंटी पुढे करावी. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ रोजी आला. बालगंधर्व रंगमंदिर जून १९६८ मध्ये उघडले. आणीबाणी जून १९७५ ते मार्च १९७७ अशी होती, आणि त्याच सुमारास जोशी-अभ्यंकर खुनांच्या (पुण्यातल्या कुटुंबांवर ओढवलेल्या हत्यासत्राच्या) दहशतीने संध्याकाळनंतर पेठांतले रस्ते ओस पडत असत. ‘तुमची तालीम तेव्हा रात्री चालत होती का, की ती लवकर आटपू लागली होती?’ असे विचारले, की साल आपोआप पुढे येते. आशियाई स्पर्धांच्या वेळचा रंगीत दूरदर्शन संच (१९८२), इंदिरा गांधींच्या हत्येमुळे रद्द झालेले कार्यक्रम (१९८४ ची अखेर) आणि विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे झालेला किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) याही पक्क्या खुंट्या आहेत. वाद्येसुद्धा साल सांगतात. छायाचित्रात ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) दिसत असेल तर ते १९८५ च्या आधीचे नाही; अकॉर्डियन आणि कोंगो-बोंगो पुढे आहेत आणि कीबोर्डचा पत्ता नाही, तर बहुधा ते त्याच्या बरेच आधीचे असते. पत्रकावर ‘पुणे ४११ ०३०’ असा सहा आकडी पिन असेल तर ते ऑगस्ट १९७२ नंतर छापलेले आहे. मात्र याचा व्यत्यास करू नये, कारण नुसते ‘पुणे ३०’ लिहिण्याची सवय पुणेकरांना पुढेही बरीच वर्षे होती, आणि पुणेकरांच्या सवयी सरकारी परिपत्रकाने बदलत नाहीत.

एवढी तयारी झाल्यावर माणसांकडे जावे. वयाने सर्वांत मोठ्या व्यक्तीकडे आधी जावे, हे उघड आहे. परंतु मुख्य गायकाकडे सर्वांत आधी जाऊ नये. त्याच्या आठवणी अनेकदा सांगून गुळगुळीत झालेल्या असतात आणि त्यांत तो स्वतः मध्यभागी असतो. ढोलकवादक, निवेदक, लाउडस्पीकरवाले, मांडववाले आणि वाद्ये टेम्पोत चढवणारी पोरे (जी आता आजोबा झाली आहेत) यांच्याकडून जे कळते, ते गायकाला कधी दिसलेच नव्हते. ‘ते दिवस कसे होते?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे ‘फार छान होते’ यापलीकडे उत्तर येत नाही. त्याऐवजी बिदागी किती ठरली होती आणि प्रत्यक्षात किती मिळाली, ती कोण वाटत असे, गायिकेचा आणि ढोलकवाल्याचा वाटा सारखा होता का, तालीम कोणाच्या घरी होत असे आणि खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड काय म्हणत असे, कार्यक्रम संपल्यावर मध्यरात्री मंडळी घरी कशी जात, असे विचारावे. अनेक वादक दिवसा कारखान्यात पाळीवर असत. तेव्हा ‘एखाद्याची रात्रपाळी आली की ऐनवेळी त्याच्या जागी कोण बसे?’ या एका प्रश्नातून आपल्याला माहीत नसलेली दोन-तीन नावे हमखास मिळतात. बोलणे सुरू करण्यापूर्वी त्यांच्या हातात जुने पत्रक किंवा वही द्यावी आणि थोडा वेळ गप्प बसावे.

गायिकांचा शोध हा या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे, आणि तो टाळून केलेली नोंद मला तरी अपुरी वाटते. पत्रकावर कुमारी म्हणून छापलेले नाव लग्नानंतर बदलते, बऱ्याच जणींचे गाणे लग्नाबरोबर थांबते, आणि गटातल्या पुरुषांना त्या ‘मग दिसल्या नाहीत’ एवढेच आठवते. अशा वेळी माहेरच्या पेठेत, त्यांच्या गाण्याच्या क्लासात किंवा शाळेतल्या मैत्रिणींकडे चौकशी करावी. भेट ठरल्यास ती शक्यतो त्यांच्या घरी, त्यांना सोयीच्या वेळी आणि ओळखीच्या कोणा बाईला सोबत नेऊन घ्यावी. रात्रीच्या कार्यक्रमाला घरून परवानगी कशी मिळे, बरोबर कोण येई, साडी कोणती नेसायची हे कोण ठरवी, याविषयी त्या बोलू लागतात तेव्हा मध्ये बोलू नये. एखादीने नाव छापू नका म्हटले तर ते छापू नये, आणि नाव न छापण्याचे कारणही विचारत बसू नये.

सवाई गंधर्वसारख्या मोठ्या प्रसंगांच्या आठवणी मात्र चाळणीतून गाळून घ्याव्यात. अमुक एका पहाटे भीमसेनजींचे गाणे रमणबागेत प्रत्यक्ष ऐकल्याचे जितके लोक आज सांगतात, तितके त्या मैदानात बसवायचे तर मांडव पार शनिवारवाड्यापर्यंत न्यावा लागला असता. महोत्सव रेणुका स्वरूप प्रशालेच्या मैदानावर होता, मग रमणबागेत आला आणि २०१८ पासून मुकुंदनगरला गेला, हे लक्षात ठेवले तरी पुष्कळ गोंधळ निस्तरतो. रात्रभराची बैठक ही आठवणदेखील कालबद्ध आहे: ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, आणि त्यानंतर रात्री दहाची मर्यादा व वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंतची सवलत असा व्यवहार सुरू झाला. सांगणाऱ्याला खोटे पाडण्यासाठी हे वापरू नये. दोन वर्षांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या आहेत का, एवढेच त्याच्याबरोबर बसून पाहावे. दोघांच्या सांगण्यात विरोध असेल आणि तो सुटत नसेल, तर दोन्ही बाजू जशाच्या तशा लिहाव्यात. पडताळणीसाठी ‘केसरी’ आणि ‘सकाळ’ यांच्या जुन्या अंकांतली कार्यक्रमांची सदरे आणि जाहिराती फार उपयोगी पडतात. जुन्या अंकांसाठी पुणे नगर वाचन मंदिर किंवा पुणे मराठी ग्रंथालय यांच्याकडेही चौकशी करावी, मात्र आधी तारखांची चिठ्ठी तयार करून जावे, नाहीतर अंक चाळण्यातच दिवस जातो आणि हाती भलत्याच जाहिराती लागतात.

कॅसेट सापडली तर ती लगेच लावून पाहण्याची घाई करू नये. पावसाळी हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते, आणि अशी फीत चालवली की ती बुरशी यंत्राच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) आणि तेथून पुढच्या कॅसेटवर जाते. बुरशी दिसल्यास जाणकाराकडेच द्यावे. फीत स्वच्छ असेल तर प्रथम कॅसेटच्याच वरच्या कडेचे दोन छोटे कान मोडावेत, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही मुद्रित होणार नाही. फीत हेडवर दाबून धरणारा आतला नमद्याचा तुकडा जागेवर आहे ना ते पाहावे. मग ती एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी. यंत्राचा हेड आणि रबरी चाक साफ करून कॅसेट लावावी. आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबका वाटला तर हेडच्या बाजूचा लहान स्क्रू अगदी किंचित फिरवून पाहावा. ज्या यंत्रावर मूळ मुद्रण झाले त्याच्या हेडचा कोन वेगळा असल्याने असे होते, आणि पुष्कळदा झांजा व तंतुवाद्ये एकदम मोकळी होतात. संगणकावर उतरवताना चोवीस बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या प्रमाणात वेव्ह फाइल करावी. तासाला सुमारे दोन जीबी जागा लागते, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटला तीन जीबी. या मूळ फाइलवर खरखर काढण्याचे प्रयोग करू नयेत. ते तिच्या प्रतीवर करावेत. गाण्यांच्या मधले निवेदन, टाळ्या, ‘वन्स मोअर’ची ओरड आणि ‘स्कूटर रस्त्यातून काढा’ छापाच्या सूचना कापून टाकू नयेत. शहर त्यांच्यातच ऐकू येते.

मुद्रण हाती आले म्हणून ते लगेच सर्वांना पाठवण्याचा अधिकार मात्र मिळत नाही. गीत, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतीय कायद्याप्रमाणे साठ वर्षे आणि कलावंताचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क पन्नास वर्षे टिकतो. घरगुती जतनासाठी उतरवणे आणि जाहीर प्रसारण करणे यांत फरक करावा, व मुलाखत देणाऱ्यांकडून काय छापायचे आणि काय ऐकवायचे याची लेखी संमती साध्या मराठीत, एका पानात घ्यावी. पैशांवरून झालेली भांडणे आणि फुटलेले गट यांच्या कथा चविष्ट असतात. भांडणाचे कारण लिहावे, माणसांची नावे लिहू नयेत.

प्रत्यक्ष लेखन करताना ‘ती मजा आता राहिली नाही’ या अर्थाची वाक्ये पहिल्या मसुद्यातच खोडावीत. त्यांच्या जागी बिदागीचा आकडा, तालमीच्या खोलीची लांबीरुंदी, भाड्याने आणलेल्या ॲम्प्लिफायरचे वर्णन आणि कार्यक्रमानंतर कोणत्या चौकात कोणती भजी खाल्ली हे लिहिले, तर हुरहुर वाचणाऱ्याला आपसूक लागते. मजकूर पुरा झाला की थोड्या प्रती काढून आधी ज्यांच्याशी बोललो त्यांनाच द्याव्यात. प्रत्येक प्रतीच्या शेवटी काही पाने कोरी ठेवावीत आणि दुरुस्त्या त्यांवर लिहून परत देण्याची विनंती करावी; ढोलकवाल्याचे नाव चुकले असेल तर ते याच वेळी कळते. दुरुस्त झालेली प्रत, मुलाखतींच्या फाइली आणि वहीची छायाचित्रे यांचा एक संच गटातल्या एखाद्या तरुण नातलगाकडे आणि दुसरा संच स्वीकारील त्या ग्रंथालयाकडे, कोणत्या फाइलीत काय आहे याच्या छापील यादीसह सोपवावा.