कम्युनिटी प्रोजेक्टच्या सर्व्हरसाठी ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) निवडताय? या चुका टाळा

सर्व्हर घ्यायचा ठरला की पहिला वाद ओएसवरून, आणि तोही भलत्याच मुद्द्यावर, म्हणजे सगळ्यात सिक्युअर कुठली. अहो पण वर्षभरानंतर पॅच (दुरुस्तीचे अपडेट) कोण मारणार हे आधी ठरवा ना! ओपनबीएसडी ही ओएस सिक्युरिटीला खरंच भारी आहे, पण तिची दर सहा महिन्यांनी नवीन रिलीज येते आणि पॅच फक्त शेवटच्या दोन रिलीजना मिळतात, त्यामुळे वर्षातून एकदा तरी अपग्रेड करावंच लागतं, आणि टीममध्ये ती येणारा एकच माणूस असेल अन् तो दुसऱ्या कामात अडकला की सर्व्हर वाऱ्यावर. निदान दोघातिघांना सवयीची असलेली सिस्टीम घ्या, डेबियनसारखी साधी का असेना.

सपोर्ट कधी संपतो ते न बघणं ही दुसरी चूक. उबुंटूच्या मधल्या रिलीजला फक्त ९ महिने मिळतात, एलटीएसला (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे जास्त काळ सपोर्ट असलेली रिलीज) ५ वर्षं. फेडोरा साधारण १३ महिने. डेबियनला ३ वर्षं आणि वर एलटीएसची २. पण नुसत्या तारखेवरही जाऊ नका, मागे कोण उभं आहे तेही बघा, कारण सेंटओएस ८ या ओएसचा सपोर्ट २०२९ पर्यंत असणार होता आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की तो २०२१ अखेर बंद. लोकांची नुसती धावपळ झाली.

आता हे फार होतं: सिक्युरिटी स्कॅनर ओरडतो की पॅकेजचं व्हर्जन जुनं आहे, मग कोणीतरी सोर्स कोडवरून नवीन बिल्ड करून टाकतं. असं करू नका! डेबियन व्हर्जन तेच ठेवून फक्त सिक्युरिटी फिक्स मागे आणून लावते, त्यामुळे आधी सीव्हीई नंबर (त्या सिक्युरिटी त्रुटीचा ठरलेला क्रमांक) घेऊन डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर बघा, बहुतेक वेळा फिक्स आलेला असतो. हाताने बिल्ड केलेल्याला ऑटो अपडेट मिळत नाहीत, ते तसंच सडत राहतं.

ऑटो अपडेट चालू आहेत म्हणून निवांत राहू नका, रीबूट केल्याशिवाय नवीन कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, लागू होत नाही (लाइव्ह पॅचिंग, म्हणजे चालू कर्नललाच पॅच लावायची सोय, असेल तर गोष्ट वेगळी). रीबूटची वेळ आधीच ठरवून सगळ्यांना सांगून ठेवा.

एसएसएचचा (लांबून सर्व्हरवर शिरायची सोय) पासवर्ड लॉगिन बंद केला तरी चालूच राहतो? क्लाउडवरच्या उबुंटूत हे हमखास दिसतं. मुख्य कॉन्फिग फाइलच्या सुरुवातीलाच वेगळ्या फोल्डरमधल्या फाइली वाचल्या जातात आणि एसएसएच पहिली मिळालेली व्हॅल्यू धरतं, म्हणजे क्लाउड-इनिटच्या (क्लाउड मशीन सुरुवातीला सेट करणारं टूल) फाइलमध्ये 'यस' असेल तर खाली तुम्ही लिहिलेलं 'नो' वाया. एसएसएचडी (सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्राम) ला मायनस कॅपिटल टी (-T) देऊन चालवा, खरी लागू असलेली सेटिंग दिसते.

आणि डॉकर (अॅप कंटेनरमध्ये चालवायचं टूल) वापरत असाल तर त्यातून पब्लिश केलेले, म्हणजे बाहेर उघडलेले, पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलला बायपास करतात, डेटाबेस थेट इंटरनेटवर उघडा पडतो, तेव्हा पोर्ट १२७.०.०.१ वरच (म्हणजे त्याच मशीनपुरता) बांधा आणि बाहेरच्या मशीनवरून एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं टूल) मारून खात्री करा.